खालून ‘मग?’ येईपर्यंत

गटारात उतरलेल्या माणसाला वरून गोष्टी सांगाव्या लागतात, हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, झाकण काढलं, माणूस उतरला, गाळ काढला, माणूस वर आला, झालं. पण चेंबर म्हणजे काही विहीर नव्हे, की वाकून पाहिलं आणि तळ दिसला. खाली अंधार आणि अंधारात गॅस. हा गॅस मोठा लबाड. कधी वास देतो, कधी देतच नाही. त्यात सापडलेला माणूस ओरडत नाही, हातपाय झाडत नाही, बोलता बोलता नुसता गप्प होतो. म्हणून वरच्यानं बोलत राहायचं आणि खालच्यानं ओ देत राहायची. ओ थांबली की दुसरा विचार करायचा नाही, दोर ओढायचा.

नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात हे बोलायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळा गाव रेडिओ म्हणायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी पुकारलं की हा स्वतःच मागे वळून बघायचा, कोण बुवा आलाय म्हणून. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, तसा माणूस. फरक एवढाच, की इतरांना असल्या तोंडासाठी बोलणी खावी लागतात आणि ह्याला पगार मिळायचा.

ही विद्या त्याला जुन्या मुकादमानं शिकवली होती. मुकादम म्हणायचा, “‘ऐकू येतंय का, ऐकू येतंय का’ असं विचारत बसू नकोस. माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की ओ द्यायचा आळस करतो. गोष्ट सांग. आणि गोष्ट अशा जागी तोड, की खालच्याला ‘मग?’ म्हटल्यावाचून राहवू नये.”

रेडिओनं ते असं काही आत्मसात केलं की विचारू नका. त्याचा एक चुलतभाऊ मुलगी बघायला म्हणून चुकून शेजारच्या घरात शिरला होता. तिथे पोटभर जेवला, मुलगी पसंत आहे म्हणाला, आणि मग कळलं की त्या घरात मुलगीच नाही. ही एक गोष्ट रेडिओनं वर्षानुवर्षं पुरवली. “तेवढ्यात घरमालक आतून काठी घेऊन आला…” असं म्हणून तो थांबायचा. खालून गाळात घुमलेला आवाज यायचा, “मग?” की रेडिओ पुढे. रस्त्यानं जाणारी माणसंही थबकायची. भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी तर रोज उभी राहायची. म्हणायची, “अरे मेल्या, पुढचं सांग की लवकर, मला घरी जायचंय.”

“आजी, तुम्ही विचारून उपयोग नाही. खालच्यानं विचारलं पाहिजे.”

“खालच्याला घाई नाही का?”

“त्याला तिथे बरं वाटतंय. घरी बायको आहे.”

ही बायको म्हणजे रेडिओचीच मुलगी. कारण खाली उतरणारा माणूस म्हणजे रेडिओचा जावई. अबोल, सडपातळ, खांदे अरुंद, चेंबरमध्ये उतरायला घडवल्यासारखा. ह्याला मुलगी का दिली असं कुणी विचारलं की रेडिओ म्हणायचा, “आजवर इतके जण खाली सोडले, पण ह्याच्यासारखं मनापासून ‘मग?’ कुणी म्हटलं नाही.” आणि वर हसून सांगायचा, “सगळे सासरे जावयाला डोक्यावर घेतात. मी दोरावर घेतो.”

दोरावर मात्र तो एकटा नसायचा. तिसरा होता पहिलवान. रेडिओचा एक हात दोरावर आणि ध्यान आवाजाकडे. पहिलवानाच्या कमरेला दोराचा वेढा. कारण शुद्ध हरपलेला माणूस भिजलेल्या पोत्यासारखा असतो, एकट्याच्यानं हलत नाही. पूर्वी वर एकच माणूस असायचा. एकदा एक जुना सोबती खाली गप्प झाला, वरच्यानं हातांची सालं निघेपर्यंत ओढलं, आणि शेवटी जे वर आलं त्याला घरी न्यायचं नव्हतं, भलतीकडेच न्यायचं होतं. त्यानंतर युनियनवाले टेबलाशी बसले. उठून आले, पुन्हा बसले, काम बंद ठेवलं, पुन्हा बसले. तेव्हा कुठे करारात एक ओळ आली, की वर दोन माणसं असल्याशिवाय खाली कुणी उतरणार नाही. पालिकेला ती ओळ एकटीच्या मर्जीनं खोडता यायची नाही. खोडायची तर आधी युनियनला बोलवा, समोर बसा, तिचं मन वळवा.

आणि एक दिवस ते टेबलच काढून घेतलं.

म्हणजे लाकडी टेबल होतं तिथेच होतं. पण वरून नवा नियम आला, की स्थानिक संस्थांनी कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी वाटाघाटी करायलाच हव्यात असं काही नाही. करार संपला की संपला. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं एकेकट्यानं, आपापल्यापुरतं म्हणावं. फार उपकार केल्यासारखी एवढी सवलत ठेवली, की नवी व्यवस्था ठरण्याआधी प्रत्येक खात्याच्या एका माणसाचं म्हणणं साहेब एकदा ऐकून घेतील. माणूस त्याच खात्याचा हवा. बाहेरचा चालणार नाही.

युनियनचा सेक्रेटरी जन्ममृत्यूच्या खिडकीवरचा कारकून. इतकी वर्षं साहेबांशी वाद घालून त्याचे केस गेले होते, पण तो ड्रेनेज खात्याचा नव्हता. तेव्हा कोण जाणार? जावई म्हणाला, मला चार शब्द एका दमात येत नाहीत. पहिलवान म्हणाला, मला राग येतो. सगळ्यांच्या माना रेडिओकडे वळल्या.

“बोलणाऱ्याची बोरं विकली जातात,” सेक्रेटरी म्हणाला. “तूच जा. पण तीनच वाक्यं बोलायची. वर दोन माणसं हवीत. एकट्याला बेशुद्ध माणूस ओढता येत नाही. ह्याच कारणानं आमचा माणूस गेलाय. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं.”

“गप्प?” रेडिओनं असं विचारलं, जसं कुणी त्याला पाण्यावर चालायला सांगितलंय.

आदल्या संध्याकाळी लेकीनं त्याच्या सदऱ्याला इस्त्री करता करता बजावलं, “बाबा, तिथे गोष्टी सांगू नका हं.”

“मी काय खुळा आहे?”

“खुळे नाही. पण तुम्हाला राहवत नाही.”

साहेबांची खोली थंडगार. टेबलावर काच, पाण्याच्या पेल्यांवर झाकणं, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. साहेब, आणि बाजूला लिहून घेणारा कारकून. साहेब माणूस वाईट नव्हते, उगाच कशाला खोटं बोला. त्यांना वरून सांगितलेलं होतं, माणसं कमी करा. फक्त त्यांची एक रीत होती. समोरच्याचं बोलणं संपलं तरी ते लगेच बोलत नसत. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, काढायचं. मोठमोठे ठेकेदार त्या टोपणाला घाबरत.

रेडिओनं तीनही वाक्यं म्हटली. न अडखळता, पाठ केल्यासारखी नाही तर पोटातून. आणि थांबला.

साहेब गप्प. टोपण निघालं, टोपण लागलं.

आता दुसरा कुणी असता, शिंपी असता, ड्रायव्हर असता, तर बसला असता गप्प. तुम्हीही गप्प, आम्हीही गप्प. पण ह्या माणसाचा सारा जन्म चेंबरच्या तोंडाशी गेलेला. समोरून आवाज आला नाही की त्याच्या जिवाचं पाणी व्हायचं. टेबलाखाली त्याची मूठ आपोआप आवळली, दोर धरल्यासारखी.

“साहेब, ऐकताय ना?”

साहेबांनी मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे ओ देणं नव्हे. अंधारात मान कुणाला दिसते? रेडिओच्या कानशिलावरून घाम उतरला. आणि त्यानं, दुसरं काय करणार, गोष्ट काढली.

“तसा जावई आमचा वाघ आहे, साहेब. एकदा काय झालं, पहिलवानाची दाढ दुखायला लागली. इतकी, की कमरेचा दोर सोडून दवाखान्यात पळाला. आता जावई खाली, त्यात त्याचा बूट गाळात रुतलेला, आणि वर मी एकटा…”

सवयीनं तो तिथे थांबला. आणि लिहिणारा कारकून लेखणी थांबवून म्हणाला, “मग?”

काय सांगावं, उन्हात तापलेल्याला सावली मिळावी तसं झालं त्याला. हुश्श. जिवंत आहे कुणीतरी.

“मग काय! पाय रोवले, दात आवळले, आणि एकट्यानं ओढून काढला वर.”

खरं तर जावई बूट खाली सोडून स्वतःच पायऱ्या चढून वर आला होता. रेडिओनं नुसता दोर गोळा केला होता. पण पायऱ्या चढून आलेल्या माणसाची गोष्ट कोण ऐकतो?

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते पहिल्यांदा बोलले. “म्हणजे काम दोघांत होतं.”

“नाही, म्हणजे साहेब, ती गोष्ट—”

“लिहून घ्या,” साहेब कारकुनाला म्हणाले.

बाहेर जिन्याशी सेक्रेटरी, पहिलवान आणि जावई उभे होते. रेडिओ आला तो भिंत धरून.

“काय झालं?”

“दाढेची गोष्ट सांगितली.”

सेक्रेटरीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पहिलवानानं उगाच आपल्या गालावर हात ठेवला. जावई एवढंच म्हणाला, “चला मामा, चहा घेऊ.”

नवी व्यवस्था फळ्यावर लागली. एका चेंबरवर दोन माणसं, एक खाली, एक वर. पहिलवानाची बदली बागेत झाली. एवढा आडदांड माणूस, त्याच्या हातात पाण्याची नळी दिली. घरी रेडिओची बायको दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, “अहो, बोरं विकायला गेलात आणि टोपलीच देऊन आलात.”

रेडिओनं तोच सदरा पुन्हा अंगात चढवला.

तो पुन्हा साहेबांकडे गेला, ह्या खेपेला एकेकट्यानं, नियमाप्रमाणे. म्हणाला, साहेब, मी थाप मारली. तो स्वतः चढून आला होता. मला एकट्याला कुणी ओढवत नाही.

“म्हणजे तुम्हाला हे काम झेपत नाही,” साहेब म्हणाले. आवाजात खरोखर काळजी होती. “तुम्हाला फाटकावर बसवू. खुर्ची आहे, पंखा आहे.”

“आणि दोरावर?”

“दुसरा कुणी येईल.”

“एकटाच?”

“तुम्ही तुमच्यापुरतं बोला.”

“साहेब, दोराच्या दुसऱ्या टोकाला माझा जावई असतो. माझ्यापुरतं म्हणजे कुठपर्यंत बोलू?”

साहेब गप्प. टोपण निघालं, टोपण लागलं. रेडिओनं फाटकावरची खुर्ची नको म्हटली आणि दोरावर परत आला.

पण आता त्याच्या गोष्टींचं पाणी आटलं. चुलतभाऊ शेजारच्या घरात शिरायचा आणि तिथेच बसून राहायचा. पुढचं तोंडात येईना. गोष्ट सांगू लागला की त्याला ती थंड खोली आठवायची. तो नुसतं विचारू लागला, “ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?” मुकादमानं जे करू नको म्हणून सांगितलं होतं तेच. शेवटी जावईच खालून म्हणायचा, “मामा, तो काठी घेऊन आला, मग?” म्हणजे पाहा, खालचा वरच्याला धीर देऊ लागला. रात्री जेवताना लेक दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायची. काही विचारायची नाही. विचारून उत्तर खरं आलं तर काय करायचं?

आणि मग शाळेजवळच्या वळणावरचा चेंबर तुंबला.

सकाळची वेळ, रस्ता भरलेला. झाकण काढून ठेवलं, कंदील खाली सोडून पाहिला, विझला नाही. जावई उतरला. रेडिओनं कमरेला दोर गुंडाळला, पहिलवानासारखा, आणि मन घट्ट करून चुलतभावाला त्या घरात पाठवलं. माणसं थबकली. भाजीची पिशवी घेऊन म्हातारीही थांबली. फार दिवसांनी रेडिओ लागला होता.

“…आणि तेवढ्यात घरमालक आतून काठी घेऊन आला…”

खालून काही आलं नाही.

“काठी घेऊन आला हो, जावईबापू.”

काही नाही.

रेडिओनं दोर ओढला. हातभर आला आणि अडला. पुन्हा ओढला. दोर त्याच्याच कमरेत रुतला. “धरा,” तो जमलेल्या लोकांकडे वळून ओरडला, “दोर धरा, माणूस गेला माझा.”

आणि लोक हसले.

त्यांचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं हा माणूस त्यांना गोष्टी सांगत आला होता. आवाज काढून, हातवारे करून, मरणाच्या दारातून माणसं परत आणून. त्यांना वाटलं, घरमालकाच्या काठीनंतरचं हे पुढचं. एक शिक्षक हात बांधून कौतुकानं बघत राहिले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “आज अगदी रंगात आलाय.”

“गोष्ट नाही,” रेडिओ म्हणाला. “देवाशपथ गोष्ट नाही ही.” पण हे वाक्यसुद्धा तो गोष्टींत नेहमी म्हणायचा.

म्हातारीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. दोरावर रक्त होतं. तिची पिशवी खाली पडली, बटाटे रस्त्यावर गडगडले, आणि तिनं दोर धरला. तिच्यात कितीसा जोर? पण तिला पाहून शिक्षकांनी धरला, मग एका रिक्षावाल्यानं, मग सगळ्यांनी. जावई वर आला. तोंड निळं, डोळे अर्धे उघडे.

जीव वाचला. पण बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हवा पोचली नाही बराच वेळ, आता वाट पाहायची. कॉटशेजारी लेक त्याचा हात धरून बसायची आणि दुसऱ्या बाजूला रेडिओ, हातांना पट्ट्या बांधून. तो गोष्ट सांगायचा. त्याच जागी तोडायचा. जावई छताकडे बघायचा. नळीतून थेंब पडायचे.

“बाबा, पुढचं सांगा ना,” लेक म्हणायची.

“त्यांनी विचारलं पाहिजे.”

पालिकेनं चौकशी केली. आठवड्याभरात कागद आला, की सदर कर्मचाऱ्यास उपस्थित सहकाऱ्यानं बाहेर काढले, सबब सध्याची व्यवस्था पुरेशी आहे. सेक्रेटरीनं तो मोठ्यानं वाचला. त्यात म्हातारी नव्हती, शिक्षक नव्हते, रिक्षावाला नव्हता. पुन्हा दोघांतच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या बोळात रेडिओला नवा सोबती दिला. बागेतला माळी. पहिलवान बागेत गेला, म्हणून माळी गटारात आला. पालिकेचा हिशेब असाच असतो. बिचारा आयुष्यभर गुलाब छाटत आलेला. रेडिओनं त्याच्या कमरेला दोर बांधला.

“तुम्ही बोलत राहणार ना?” माळी म्हणाला. “मला सगळ्यांनी सांगितलंय, रेडिओ बोलतो तोवर भीती नाही.”

रेडिओनं त्याच्याकडे बघितलं. मग बांधलेली गाठ सोडली. पहार घेतली, उघडलेलं झाकण सरकवून चेंबरवर घातलं. खणखणीत आवाज झाला. आणि तो झाकणावर बसला.

“काय झालं?” माळी म्हणाला.

रेडिओ काही बोलला नाही.

शेजारच्या गल्लीत एक झाडूवाली रस्ता झाडत होती. तिनं लोखंडाचा आवाज ऐकला आणि मग, रोजच्या सवयीनं, रेडिओच्या आवाजाची वाट पाहिली. आला नाही. झाडूखात्यातलं पोरसुद्धा जाणतं, चेंबर उघडा आणि रेडिओ गप्प, ह्याचा अर्थ काय. तिनं झाडू टाकला आणि धावली. धावताना कचऱ्याच्या गाडीवाल्याला ओरडून गेली. त्यानं गाडी आडवीच सोडली. निरोप बागेत पोचला, पहिलवान नळी चालू ठेवून निघाला, आला तो गुडघ्यांपर्यंत भिजून. जन्ममृत्यूची खिडकी बंद झाली. दिवाबत्तीवाले शिडी तिथेच टेकून आले. जो तो धापा टाकत एकच विचारत होता, “खाली कोण आहे?”

“कुणी नाही,” माळी म्हणत होता. “खाली कुणीच नाही. मी उतरलोच नाही.”

मग का गप्प, हे कुणी विचारलं नाही. ते एकेक करून रस्त्यावरच बसले. बोळ भरला. कुणी घोषणा दिली नाही.

खात्याचा नवा मुकादम आला. “अरे, असं जमून काही होणार नाही. नियम माहीत आहे ना? ज्याला काय म्हणायचंय त्यानं एकेकट्यानं म्हणा.”

कुणी काही म्हणेना. मुकादमानं ह्याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि बाजूला जाऊन फोन लावला. पलीकडून साहेब काय म्हणाले कळलं नाही, पण मुकादम म्हणत होता, “नाही साहेब, काहीच बोलत नाहीत… नाही, रेडिओसुद्धा नाही.”

पहिलवान रेडिओशेजारी झाकणावर टेकला. दोघांच्या भारानं झाकण जरा करकरलं. दवाखान्यातून लेकीचा निरोप सकाळी आला होता तोच होता, काही फरक नाही. बोळाच्या तोंडाशी साहेबांची गाडी येऊन थांबली. कचऱ्याची गाडी आडवी असल्यामुळे तिला आत येता येईना. दार उघडलं. साहेब पायी येऊ लागले.

“मग?” पहिलवान हळूच म्हणाला.

रेडिओनं पट्टी बांधलेल्या हातांकडे पाहिलं. इतक्या गोष्टी सांगितल्या त्यानं जन्मभर, पण पुढचं ठाऊक नसलेली ही पहिलीच. तो तोंड मिटून बसून राहिला.